पासवर्ड शेवटी तपासा: कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन जोडण्याची माझी पद्धत

सर्व्हरच्या स्क्रीनवर वेळ बरोबर दिसत होती. सकाळचे 9 वाजून 40 मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळातही तेवढेच वाजले होते. तरी हजेरी-पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये एकालाही आत जाता येत नव्हतं आणि आम्ही दोन तास लोकांचे पासवर्ड बदलत बसलो होतो. मग उलगडा झाला. नवा लिनक्स सर्व्हर उभा करताना कुणीतरी टाइमझोन यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) ठेवला होता आणि घड्याळ मागे दिसतंय म्हणून ते हातानं साडेपाच तास पुढे ढकललं होतं. घड्याळ भिंतीशी जुळलं, पण डोमेन कंट्रोलरशी, म्हणजे कंपनीची सगळी खाती सांभाळणाऱ्या विंडोज सर्व्हरशी, फारकत घेऊन बसलं.

त्या दिवसापासून मी उलट्या क्रमानं काम करतो. लॉगिन चालत नाही म्हटल्यावर सगळ्यांचा हात आधी पासवर्डकडे जातो, माझा सगळ्यात शेवटी. आधी वेळ, मग नाव, मग सर्टिफिकेट, मग सर्व्हिस अकाउंट, मग शोध, आणि हे सगळं नीट असेल तर पासवर्ड. नवीन जोडणी करतानाही हाच क्रम ठेवा. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासून मगच पुढची चढा.

उदाहरण म्हणून आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी मांडणी घेऊ. कर्मचाऱ्यांची खाती विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेन कंट्रोलरवरच्या खात्यांच्या सूचीत, लोक तिला एडी म्हणतात. कंपनीचं सॉफ्टवेअर जावात लिहिलेलं, लिनक्सवर टॉमकॅट या जावा वेब-सर्व्हरमध्ये चालणारं. लोकांना ऑफिसच्या संगणकाचाच आयडी-पासवर्ड इथेही वापरता यावा, आणि जमलं तर पासवर्ड न विचारताच आत जाता यावं, एवढं काम आहे. पहिल्या भागाला एलडॅप (एडीला प्रश्न विचारायची पद्धत) पुरतं, दुसऱ्याला कर्बेरॉस (तिकिटावर ओळख पटवायची पद्धत) लागतं.

सुरू करण्याआधी: स्वतःचं पासवर्ड टेबल नको

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडून एक सूचना हमखास येते: "आमचंच युजर टेबल वापरा, सोपं पडेल." सोपं पडतं ते त्याला. तुमच्याकडे मात्र माणूस नोकरी सोडून गेल्यावर त्याचं खातं पाच ठिकाणी बंद करायचं काम येतं आणि त्यातलं एक राहून जातं. शक्य असेल तिथे पासवर्ड साठवण्याची जबाबदारी घेऊच नका.

अगदीच इलाज नसेल, म्हणजे एडीत नसलेले ठेकेदार, पुरवठादार वगैरे, तर पासवर्ड आर्गॉन2आयडीनं हॅश करा, म्हणजे उलट वाचता येणार नाही अशा रूपात साठवा. किमान 19 मेबीबाइट मेमरी, 2 फेऱ्या. जुनं बीक्रिप्टही चालेल, फक्त ते पहिले 72 बाइटच बघतं हे लक्षात असू द्या. देवनागरीतली प्रत्येक खूण, मग ते अक्षर असो की काना-मात्रा, यूटीएफ-8मध्ये 3 बाइट खाते, म्हणजे 24 खुणांतच मर्यादा संपते. नुसत्या एसएचए-1चं, या जुन्या हॅशचं, काय होतं ते 2012मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड चोरीला गेले तेव्हा जगानं पाहिलं आहे.

कागदावरची पायरी: माणूस कशावरून ओळखायचा

या पायरीला कुणी वेळ देत नाही आणि दोन वर्षांनी तीच अंगाशी येते. एडीत माणसाला ओळखायच्या अनेक खुणा असतात. जुन्या पद्धतीचं लॉगिन नाव, ज्याला सॅम अकाउंट नेम म्हणतात, ते 20 अक्षरांपर्यंतच असतं. ईमेलसारखं दिसणारं यूपीएन वेगळं. आणि सगळ्यांच्या मुळाशी ऑब्जेक्ट जीयूआयडी नावाचा 128 बिटांचा आकडा.

बहुतेक सॉफ्टवेअर लॉगिन नावच आपल्या टेबलात चावी म्हणून ठेवतात. आता आपल्याकडची परिस्थिती बघा. लग्नानंतर आडनाव बदललं, एचआरनं लॉगिन नाव बदललं, आणि त्या बाईंची सॉफ्टवेअरमधली सगळी जुनी मंजुरीपत्रं "अनोळखी वापरकर्ता" झाली. हे एक वेळ परवडलं. खरा धोका पुढचा आहे. एस. पाटील नावाचे एक अधिकारी निवृत्त झाले, खातं पुसलं. वर्षभरानं दुसरे एस. पाटील रुजू झाले, त्यांना तेच मोकळं झालेलं लॉगिन नाव मिळालं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं ते जुनेच पाटील. पहिल्याच दिवशी 50 लाखांच्या खरेदीला मंजुरी देण्याचा हक्क त्यांच्या हातात! ज्या महाराष्ट्रात एका खात्यात चार पाटील आणि तीन जाधव सहज सापडतात, तिथे ही कल्पनेतली भीती नाही.

म्हणून आतली चावी जीयूआयडी, आणि लॉगिन नाव फक्त दाखवण्यापुरतं. आणखी एक गोष्ट: एडी लॉगिन नावात लहान-मोठं अक्षर मानत नाही, तुमचं टेबल मात्र मानत असेल. मग एकच माणूस कधी मोठ्या एसनं, कधी लहान एसनं आत येतो आणि त्याची दोन खाती तयार होतात. चावी जीयूआयडी केली की हीही कटकट मिटते.

पायरी पहिली: घड्याळ

कर्बेरॉसची रचना अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनात झाली. हा प्रकल्प 1983मध्ये सुरू झाला. आपण आज वापरतो ती पाचवी आवृत्ती 1993मधली. यात पासवर्ड तारेवरून जात नाही. वापरकर्ता आपल्या गुप्त चावीनं सांकेतिक केलेला चालू वेळेचा शिक्का पाठवतो. समोरचा तो उलगडून बघतो: वेळ आत्ताची आहे ना? असेल तर ही चिठ्ठी ताजी, कुणी कालची चोरून आज पाठवलेली नाही. फरक 5 मिनिटांपेक्षा जास्त निघाला तर चिठ्ठी परत. सगळी मदार वेळेवर आहे ती अशी.

नुसतं घड्याळाकडे बघू नका, कारण ते कसं फसवतं ते वर सांगितलंच. लिनक्सवर यूटीसी वेळ आणि टाइमझोन दोन्ही वेगवेगळे तपासा. टाइमझोन आशिया/कोलकाता ठेवा आणि वेळ आणण्याचं काम क्रोनी या प्रोग्रामवर सोपवा. क्रोनीची ट्रॅकिंग आज्ञा चालवली की मूळ स्रोतापासून किती सेकंदांचा फरक आहे ते दिसतं. तो सेकंदाच्या अंशात असायला हवा. स्रोत म्हणून आपल्याच डोमेन कंट्रोलरची नावं द्या, म्हणजे दोघं चुकले तरी एकत्र चुकतील. आणि डोमेनचा जो मुख्य वेळ-सर्व्हर असतो, पीडीसी एम्युलेटर, त्याला बाहेरचा भरवशाचा स्रोत द्या. भारतात हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, जोडायची आहेत.

व्हर्च्युअल मशीन असेल तर एक खोच राहते. खालचा होस्टही पाहुण्या मशीनचं घड्याळ ढकलत असतो. क्रोनी एकीकडे ओढतोय, होस्ट दुसरीकडे, आणि लॉगिन दिवसातून दोनदाच बिघडतं. दोघांपैकी एकालाच काम द्या.

जाता जाता: मोबाइलवरचा सहा आकडी कोडही दर 30 सेकंदांनी वेळेवरूनच बनतो. दुसरा टप्पा म्हणून तो लावणार असाल तर हीच पायरी तिथेही उपयोगी पडेल.

पायरी दुसरी: नाव

सर्व्हरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्यांच्या यादीत, फक्त डोमेन कंट्रोलरचे पत्ते हवेत. "एक असू दे जादा" म्हणून दुसऱ्या ओळीत गूगलचा 8.8.8.8 टाकणारे खूप भेटतात. गूगलला तुमच्या आतल्या डोमेनची काय माहिती असणार? पहिला डीएनएस क्षणभर थकला की प्रश्न गूगलकडे जातो, तो "असं नाव नाही" सांगतो आणि लॉगिन पडतं. पाच मिनिटांनी आपोआप सुरू होतं. असे येऊन-जाऊन असणारे बिघाड शोधण्यात आठवडे जातात.

तीन गोष्टी विचारून बघा. डोमेन कंट्रोलरच्या नावावरून पत्ता मिळतो का, पत्त्यावरून तेच नाव परत मिळतं का, आणि एलडॅप-कर्बेरॉसच्या एसआरव्ही नोंदी (ही सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या) दिसतात का. मग फायरवॉलवाल्यांना हे दरवाजे, म्हणजे पोर्ट, उघडायला सांगा: कर्बेरॉसला 88, सुरक्षित एलडॅपला 636, अनेक डोमेन असतील तर त्या सगळ्यांच्या एकत्र सूचीच्या, ग्लोबल कॅटलॉगच्या, सुरक्षित जोडणीला 3269. साधा 389 मागूच नका. उघडा असला की कुणीतरी तो वापरतो.

पायरी तिसरी: सर्टिफिकेट

एलडॅपमध्ये साधा बाइंड, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन जोडणी, करताना पासवर्ड जसाच्या तसा जातो. म्हणजे जोडणी टीएलएसमधून (सांकेतिक आवरणातून) नसेल तर मधल्या स्विचवर बसलेला कोणीही तो वाचू शकतो. 636 वापरायचं ते यासाठी. पण टीएलएसचं अर्धं काम सांकेतिक करणं आणि अर्धं काम समोरचा खरा आहे हे पटवणं, आणि लोक हे दुसरं अर्धं बंद करून टाकतात.

"सर्टिफिकेटची चूक येतेय" म्हटलं की इंटरनेटवरचं पहिलं उत्तर असतं: तपासणी बंद करा. जावात 2018च्या जुलैमध्ये आलेल्या 8यू181 या आवृत्तीपासून एलडॅपच्या सुरक्षित जोडणीतही सर्टिफिकेटवरचं नाव जुळवून बघणं सुरू झालं. तेव्हा रातोरात अनेक ठिकाणची लॉगिनं पडली आणि बहुतेकांनी तपासणी बंद करण्याचं बटण शोधून काढलं. तुम्ही ते बटण दाबू नका. ज्या यंत्राला आपण सगळ्यांचे पासवर्ड देणार आहोत, ते यंत्र कोणतं आहे हेच बघायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो.

योग्य उपाय असा. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डोमेन कंट्रोलरचा आयपी पत्ता नको, पूर्ण नाव लिहा, आणि तेच नाव सर्टिफिकेटच्या पर्यायी नावांच्या यादीत आहे हे ओपनएसएसएल या साधनानं जोडून बघा. कंपनीच्या अंतर्गत सीएचं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेचं, मूळ सर्टिफिकेट जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (भरवशाच्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये) घाला, डोमेन कंट्रोलरचं नव्हे. तिथलं सर्टिफिकेट बहुधा दरवर्षी बदलतं, सीएचं अनेक वर्षं राहतं. आणि हे जावाच्या स्वतःच्या सीएसर्ट्स फाइलमध्ये घालू नका. जावा अपग्रेड झालं की नवी फाइल येते, तुमचं सर्टिफिकेट जातं आणि "आम्ही तर काहीच बदललं नाही" असं सगळे एका सुरात म्हणतात. वेगळी ट्रस्टस्टोअर फाइल करा आणि टॉमकॅटला तिचा मार्ग द्या.

पायरी चौथी: सर्व्हिस अकाउंट आणि शोध

माणूस "एसपाटील" एवढंच टाइप करतो. एडीतला त्याचा पूर्ण पत्ता, डीएन, त्याला माहीत नसतो. म्हणून सॉफ्टवेअर आधी स्वतःच्या खात्यानं आत जातं, माणूस शोधतं, त्याचा डीएन घेतं आणि मग त्या डीएननं व माणसानं दिलेल्या पासवर्डनं पुन्हा बाइंड करतं. शोधणारं हे खातं म्हणजे सर्व्हिस अकाउंट.

त्याला फक्त वाचण्याचा हक्क द्या. साधं डोमेन खातं पुरतं. "चालत नाहीये म्हणून तात्पुरतं डोमेन ॲडमिन केलंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, आणि ते तात्पुरतं चार वर्षं टिकलेलं पाहिलं आहे. पासवर्ड लांब, यंत्रानं बनवलेला असू द्या. तो बदलण्याचा दिवस आणि त्या दिवशी कोणत्या फाइलमध्ये बदल करायचा हे लिहून ठेवा. मुदत संपण्याची वाट पाहिलीत तर ती पगाराच्या दिवशीच संपते.

शोधाच्या बाबतीत चार काळज्या:

1. शोध डोमेनच्या अगदी मुळापासून नको. एडी तिथून "पलीकडे जाऊन बघा" अशा चिठ्ठ्या, रेफरल, देते आणि सॉफ्टवेअर त्या चिठ्ठ्यांमागे धावत लटकतं. कर्मचारी ज्या ओयूमध्ये, म्हणजे एडीतल्या कप्प्यात, आहेत तिथून सुरुवात करा.
2. माणसानं टाइप केलेलं नाव थेट शोधवाक्यात चिकटवू नका. तारांकन, दोन्ही कंस, उलटी तिरकी रेघ आणि शून्य बाइट यांना शोधवाक्यात खास अर्थ आहे. नावाच्या जागी नुसतं तारांकन (म्हणजे "कोणतंही नाव") टाकलं आणि पहिला सापडलेला माणूस घेतला, तर काय होईल ते तुम्हीच बघा. लायब्ररीचं एस्केप करणारं फंक्शन वापरा.
3. उत्तर एकच आलं पाहिजे. दोन आले तर लॉगिन नाकारा, "पहिला चालेल" नको.
4. वेळमर्यादा द्या. जावाच्या एलडॅप जोडणीला ती सांगितली नाही तर ती उत्तराची वाट पाहतच राहते. एक डोमेन कंट्रोलर अर्धमेला झाला की टॉमकॅटचे सगळे थ्रेड तिथे अडकतात. जोडणीला 3 सेकंद, उत्तराला 5, आणि दुसऱ्या डोमेन कंट्रोलरचं नाव यादीत.

हे सगळं, सॉफ्टवेअरला मध्ये न घेता, त्याच सर्व्हरवरून एलडॅपसर्च या आज्ञेनं आधी करून बघा. तिथे चाललं आणि सॉफ्टवेअरमध्ये नाही चाललं तर भांडण कुणाशी करायचं ते ठरतं.

पायरी पाचवी: आता पासवर्ड

इथे एक असा खड्डा आहे की अनुभवी माणूसही त्यात पडतो. एलडॅपच्या नियमावलीत, आरएफसी 4513मध्ये, बाइंडचा एक प्रकार आहे: नाव दिलं, पासवर्ड रिकामा. सर्व्हर याला चुकीचा पासवर्ड मानत नाही. "हा स्वतःला कोण म्हणवतो एवढंच सांगतोय, ओळख सिद्ध करत नाहीये" असं समजून तो अनामिक जोडणी देतो आणि उत्तरात यश कळवतो. तुमच्या सॉफ्टवेअरला फक्त "यश" दिसतं. झालं! कुणाचंही लॉगिन नाव लिहा, पासवर्डची चौकट रिकामी ठेवा, आत या. त्यामुळे रिकामा पासवर्ड एलडॅपपर्यंत पोचताच कामा नये, आणि ही तपासणी ब्राउझरमध्ये नव्हे, सर्व्हरवरच्या कोडमध्ये हवी. नवीन जोडणी हातात आली की मी सगळ्यात आधी हीच चाचणी करतो.

दुसरा मुद्दा अक्षरांचा. एलडॅप यूटीएफ-8 मानतं, पण वेब फॉर्ममधून आलेला मजकूर जावाच्या जुन्या सर्व्हलेट (वेब प्रोग्राम) नियमांनुसार आयएसओ-8859-1 हा युरोपीय अक्षरसंच समजून वाचला जाऊ शकतो. पासवर्ड इंग्रजी अक्षरांत असेपर्यंत काही कळत नाही. एखाद्यानं कीबोर्डवरचं ₹ चिन्ह घातलं, किंवा पासवर्ड देवनागरीत ठेवला, की विंडोजवर चालतो आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. टॉमकॅटमध्ये अक्षरसंच ठरवणारा फिल्टर लॉगिनच्या आधी लावा.

बाइंड नाकारला गेला तर एडी 49 हा क्रमांक देतं, आणि त्याच्या शेपटीला "डेटा" या शब्दापुढे खरं कारण लिहिलेलं असतं. ही शेपूट वाचायला शिका:

- 525: असा वापरकर्ता नाही
- 52ई: नाव बरोबर, पासवर्ड चूक
- 530: या वेळेला प्रवेश नाही
- 532: पासवर्डची मुदत संपली
- 533: खातं बंद केलं आहे
- 701: खात्याची मुदत संपली
- 773: पहिल्यांदा पासवर्ड बदलणं सक्तीचं
- 775: खातं लॉक झालं

वापरकर्त्याला 525 आणि 52ई मधला फरक सांगू नका. दोन्हीला "नाव किंवा पासवर्ड चुकीचा" एवढंच. नाहीतर बाहेरच्याला कोण कामाला आहे याची यादी आयती मिळते. 532 आणि 773 मात्र पासवर्ड बरोबर असेल तेव्हाच येतात, तेव्हा तिथे "पासवर्ड बदला, असा बदला" हे स्पष्ट सांगा. नवीन रुजू झालेला मुलगा पहिल्या दिवशी 773वर अडकतो आणि हेल्पडेस्क त्याचा पासवर्ड पुन्हा रीसेट करतं, म्हणजे पुन्हा 773. हे चक्र मी तीन-तीन दिवस चाललेलं पाहिलंय.

पायरी सहावी: ओळख पटली, हक्काचं काय?

पासवर्ड बरोबर आला याचा अर्थ माणूस तोच आहे, एवढाच. पगार बघायचा हक्क त्याला आहे का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर गटांवरून द्यायचं.

"मेंबर ऑफ" हा गुणधर्म थेट गटच दाखवतो. पाटील "लेखा-पुणे" गटात, तो गट "लेखा-सर्व" गटात, तर पाटलांच्या नोंदीत "लेखा-सर्व" दिसणार नाही. डोमेन युजर्ससारखा प्राथमिक गटही तिथे नसतो. गटातल्या गटांपर्यंत पोचायचं तर एडीचा 1.2.840.113556.1.4.1941 हा खास जुळवणी-नियम शोधवाक्यात वापरा. तो महाग आहे, मोठ्या डोमेनवर वेळ खातो, म्हणून तो माणसाच्या एका गटाच्या प्रश्नापुरता ठेवा. उलट बाजूनं, गटाचे सगळे सदस्य मागवून त्यात माणूस शोधायला जाल तर एडी एका वेळी 1500च नावं देतं आणि 1501वा माणूस "हक्क नाही" म्हणून बाहेर राहतो.

सॉफ्टवेअरसाठी वेगळे गट करा. "लेखा" हा खात्याचा गट ईमेलसाठी असतो. त्यात सहज कुणालाही घालतात.

पायरी सातवी: पासवर्ड न विचारता प्रवेश

हे ऐच्छिक आहे, पण लोकांना एकदा सवय लागली की परत जाऊ देत नाहीत. सकाळी संगणकावर लॉगिन करताना कर्बेरॉसचं तिकीट मिळालेलं असतं. एडीत ते ठरावीक सेटिंगनं 10 तास चालतं. ब्राउझर तेच दाखवून तुमच्या सॉफ्टवेअरसाठी वेगळं तिकीट आणतो.

यासाठी एक नवीन सर्व्हिस अकाउंट करा, वरचं शोधाचं नको. त्याच्यावर एसपीएन, म्हणजे कर्बेरॉसमधलं सेवेचं नाव, नोंदवा: एचटीटीपी, तिरकी रेघ, सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव. साइट एचटीटीपीएसवर असली तरी एसपीएनमध्ये एचटीटीपीच लिहायचं. खात्यावर एईएस 256 या सांकेतिक पद्धतीची खूण करा. मग विंडोजची केटीपास आज्ञा वापरून कीटॅब फाइल (खात्याची गुप्त चावी असलेली) बनवा, लिनक्सवर ठेवा, मालक टॉमकॅट, इतर कुणाला वाचायची परवानगी नाही. कीटॅब म्हणजे पासवर्डच. ती ईमेलनं पाठवू नका, गिटमध्ये टाकू नका. सर्व्हरवर केलिस्ट आज्ञेनं फाइलमधल्या नोंदी बघा आणि केइनिट आज्ञेनं त्याच फाइलवरून तिकीट मिळतं का ते पाहा. रेल्म, म्हणजे कर्बेरॉसमधलं डोमेनचं नाव, मोठ्या अक्षरांतच लिहायचा.

बिघाड कुठे होतो ते सांगतो. केटीपास चालवताना खात्याचा पासवर्ड नव्यानं लागतो आणि चावीचा आवृत्ती क्रमांक वाढतो. एका ठिकाणी टेस्ट सर्व्हरसाठी त्याच खात्यावरून दुसरी कीटॅब काढली गेली. टेस्ट छान चाललं, चालू सर्व्हरची जुनी कीटॅब निकामी झाली. प्रत्येक सर्व्हरला वेगळं खातं द्या. दुसरं, तोच एसपीएन चुकून दोन खात्यांवर नोंदला गेला तर डोमेन कंट्रोलर तिकीट देत नाही. विंडोजच्या सेटएसपीएन आज्ञेच्या एक्स पर्यायानं असे दुहेरी शोधा. तिसरं, साइटचं नाव डीएनएसमध्ये टोपणनाव असेल तर ब्राउझर मूळ नावाचं तिकीट मागू शकतो. सरळ ए नोंद (नावावरून थेट पत्ता देणारी) करा.

आणि ब्राउझर गुपचूप विंडोजच्या जुन्या ओळख-पद्धतीवर, एनटीएलएमवर, घसरला आहे का ते ओळखायची खूण: ब्राउझर पाठवतो त्या ऑथरायझेशन हेडरमधला मजकूर वाय-आय-आय या अक्षरांनी सुरू होत असेल तर कर्बेरॉस, टी-एल-आर-एमनं सुरू होत असेल तर एनटीएलएम. एवढं बघितलं तरी निम्मा गुंता सुटतो. फक्त काही जणांनाच 400 क्रमांकाची चूक येत असेल, आणि ते बहुधा वरिष्ठ असतील, तर ते शंभरेक गटांत असतात म्हणून त्यांचं तिकीट जाडजूड झालेलं असतं. टॉमकॅटची हेडरची ठरावीक मर्यादा 8 केबी आहे, ती वाढवा.

एसपीएन असलेल्या खात्याचा पासवर्ड साधा ठेवू नका. डोमेनमधला कोणीही त्या खात्याचं सर्व्हिस तिकीट मागू शकतो आणि घरी नेऊन निवांत फोडत बसू शकतो. 2014पासून या हल्ल्याला कर्बेरोस्टिंग म्हणतात, रोस्टिंग म्हणजे भाजणं. 25हून जास्त यादृच्छिक अक्षरं असली की भाजणाराच थकतो.

पायरी आठवी: आत आल्यानंतर

लॉगिन यशस्वी होताच सेशनचा (आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या सत्राचा) क्रमांक बदला, कुकी फक्त एचटीटीपीएसवर आणि जावास्क्रिप्टला न दिसणारी ठेवा. एडीत खातं बंद केलं तरी आधीच उघडलेलं सेशन चालूच राहतं, हे एचआरला माहीत नसतं. दर 15 मिनिटांनी खात्याची स्थिती पुन्हा विचारा, किंवा सेशन तोडण्याचं बटण हेल्पडेस्कला द्या. मी दोन्ही करतो.

चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये डोमेनपेक्षा कमी ठेवा. डोमेन 10 चुकांना लॉक करत असेल तर तुम्ही 5ला थांबवा. नाहीतर बाहेर बसलेला कोणी तुमच्या लॉगिन पानावरून अख्ख्या कंपनीची विंडोज खाती लॉक करू शकतो. लॉक कुठून झालं ते डोमेन कंट्रोलरच्या नोंदवहीत 4740 क्रमांकाच्या घटनेत सापडतं. तिथे तुमच्या सर्व्हरचं नाव वारंवार दिसलं तर जुना पासवर्ड घेऊन बसलेली एखादी पार्श्वभूमीतली सेवा शोधा.

लॉगमध्ये कोण, कुठून, कधी, आणि एडीचा तो डेटा-क्रमांक एवढं लिहा. पासवर्ड कधीच नको, चुकलेलाही नको. माणसं घाईत नावाच्या चौकटीत पासवर्ड लिहितात, तेव्हा न सापडलेलं नावही जसंच्या तसं लिहू नका. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनुसार लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत आणि घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची आहे. सहा तासांत काय सांगणार, हे लॉगवर ठरतं.

सुरू करण्याआधीचा शनिवार

सोमवारी लोक येण्याआधी शनिवारी एवढ्या चाचण्या करा: रिकामा पासवर्ड, नावाच्या जागी तारांकन, बंद खातं, मुदत संपलेला पासवर्ड, ₹ असलेला पासवर्ड, लहान-मोठ्या अक्षरांत तेच नाव, गटातल्या गटातला माणूस, पहिला डोमेन कंट्रोलर बंद, टेस्ट सर्व्हरचं घड्याळ 6 मिनिटं पुढे. शेवटची चाचणी नापासच व्हायला हवी, आणि नापास झाल्यावर लॉगमध्ये काय दिसतं ते पाहून ठेवा.

एडीच पूर्ण बंद पडली तर आत जायला एक स्थानिक ॲडमिन खातं ठेवा, एकच. त्याचा पासवर्ड कागदावर, पाकिटात, लाख लावून, लेखा विभागाच्या तिजोरीत. ते खातं वापरलं गेलं की दोघांना मेसेज जाईल अशी सोय करा, आणि मेसेजचा सर्व्हर एडीवर अवलंबून नाही ना ते पाहा. वर्षातून एकदा पाकीट फोडून लॉगिन करून बघा. आमच्याकडे पहिल्यांदा फोडलं तेव्हा पासवर्ड बरोबर होता, पण हस्ताक्षरात शून्य की ओ ते कुणालाच सांगता येईना. आता आम्ही शून्याच्या पोटातून रेघ मारतो.